सात बाइट

'पंचवीस' म्हणताना आपल्या तोंडातून आधी पाच बाहेर पडतात आणि मग वीस. लिहिताना मात्र आपण आधी दोन काढतो, मग पाच. पाढे पाठ करणाऱ्या पोरांना हे सहसा कुणी सांगत नाही आणि त्यांना ते खटकतही नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रभर वाद पेटला होता, आठवतं का? मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की मुलांना जोडाक्षरं आणि हा उलटा क्रम जड जातो. आणि आपण सगळे मीम फॉरवर्ड करत होतो.

कॉम्प्युटरच्या जगात हेच भांडण त्याच्या कितीतरी आधी होऊन गेलंय. एका बाइटमध्ये शून्य ते दोनशे पंचावन्न एवढेच आकडे मावतात. आकडा त्याहून मोठा असेल तर त्याला शेजारची घरं लागतात. मग प्रश्न येतो की पहिल्या घरात कोण राहणार, एकक की सगळ्यात मोठं स्थान? एकक आधी ठेवणाऱ्यांना 'लिटल एंडियन' म्हणतात, मोठं आधी ठेवणाऱ्यांना 'बिग एंडियन'. ही नावं गलिव्हरच्या गोष्टीतून आली. अंडं मोठ्या टोकाकडून फोडायचं की लहान, यावरून त्यात लढाया होतात. डॅनी कोहेन नावाच्या शास्त्रज्ञानं १९८० साली एक लेख लिहून ती नावं कॉम्प्युटरवाल्यांना चिकटवली. तुमच्या हातातला फोन बहुतेक सगळे आकडे 'पंचवीस' पद्धतीनं साठवतो. फोटोच्या जेपेग फाइलच्या खुणांमधले आकडे उलट, म्हणजे 'वीस पाच' असतात. आवाजाच्या वेव्ह फाइलमध्ये पुन्हा 'पंचवीस'.

हे सगळं मला कॉलेजात शिकवलं होतं आणि परीक्षेनंतर मी ते विसरूनही गेले होते. नोकरीत मी वेबसाइटच्या मागचा कोड लिहिते. तिथे बाइटपर्यंत उतरायची वेळच येत नाही. ती वेळ आणली माझ्या आजीनं.

*

आमचं गाव भिवंडीच्या कडेला, खाडीच्या अंगाला. आम्ही आगरी. आगर म्हणजे मिठागर, त्यावरून आगरी असं सांगतात. माझ्या आठवणीतलं गाव भातशेतीचं आहे. आता त्या शेतांवर गोदामं उभी आहेत. तुम्ही ऑनलाइन मागवलेलं काहीतरी त्यातल्याच एखाद्या निळ्या पत्र्याखालून निघून तुमच्या घरी आलं असेल.

आजी धवलारीण होती. आगरी लग्नात विधींच्या वेळी धवले गातात. मांडव, हळद, तांदूळ, सगळ्याला आपापलं गाणं असतं, आणि ती गाणी पुढे होऊन गाणारी बाई म्हणजे धवलारीण. तिच्याशिवाय लग्न लागत नसे. हल्ली डीजे लागतो, पण हळदीच्या रात्री अजूनही कुणीतरी 'आजीला आणा' म्हणून गाडी पाठवायचं. ती गाडीत पुढच्या सीटवर बसून जायची.

धवले हा शब्द काही फक्त आमचा नाही. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेनं श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावर जे धवळे रचले, ते शाळेच्या पुस्तकात 'आद्य मराठी कवयित्री' या मथळ्याखाली आपण सगळ्यांनी वाचलेत. तिथे 'धवळे', आमच्याकडे 'धवले'. या एका अक्षरावरून पुढे बरंच काही झालं, ते सांगतेच.

दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात माझ्या आतेभावानं, दादानं, आजीची गाणी रेकॉर्ड करायचं मनावर घेतलं. मित्राकडून चांगला माइक आणला. खोलीतल्या जुन्या डेस्कटॉपला जोडला. रेकॉर्डिंग करायचंच तर सगळ्यात वरच्या दर्जाचं करू, म्हणून सेकंदाला ९६ हजार नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटांचा, आणि दोन चॅनल. म्हणजे दर सेकंदाला ५ लाख ७६ हजार बाइट. आजी दुपारी जेवून बसली आणि गात राहिली. मध्ये थांबून पाणी प्यायची, कुणाच्या लग्नात काय झालं ते सांगायची, पुन्हा गायची.

दीड तास व्हायला आला असताना लाइट गेली. डेस्कटॉपला यूपीएस नव्हता. दादा सांगतो, आजीनं डोळेही उघडले नाहीत. पंखा थांबला, स्क्रीन काळा झाला, आणि तिनं ते गाणं शेवटपर्यंत म्हटलं. तो शेवट कुठल्याही फाइलमध्ये नाही.

पुन्हा बसू, असं ठरलं होतं. भाद्रपदात आजी गेली.

*

दिवस झाल्यावर दादानं मला फोन केला. म्हणाला, फाइल आहे पण वाजत नाही. फोनवर टाकली तर शून्य सेकंद दाखवते. दुकानात नेली, तो म्हणाला करप्ट आहे, फेकून द्या.

मी रविवारी गेले. फाइलचा आकार बघितला आणि मला जरा बरं वाटलं. तीन अब्ज एक कोटी बेचाळीस लाख आठ हजार चव्वेचाळीस बाइट. शून्य सेकंदांची फाइल एवढी मोठी नसते. आत काहीतरी होतं.

वेव्ह फाइलची रचना अगदी साधी असते. साधारणपणे पहिले ४४ बाइट म्हणजे मथळा, आणि त्यानंतर थेट आवाज. मथळ्यात सुरुवातीला 'रिफ' ही चार अक्षरं, मग चार बाइटांत 'यापुढे एकूण किती बाइट आहेत' तो आकडा. मग 'वेव्ह' हा शब्द, चॅनल किती, नमुने किती ही माहिती. आणि चाळिसाव्या जागेपासून पुन्हा चार बाइटांत 'आवाजाचे बाइट किती' हा आकडा. (मोजणी शून्यापासून.)

आता गंमत बघा. रेकॉर्डिंग सुरू होतं तेव्हा ते किती वेळ चालणार हे प्रोग्रामला माहीत नसतं. म्हणून बरेच प्रोग्राम या दोन जागा रिकाम्या सोडतात, शून्य लिहून पुढे जातात. तुम्ही 'स्टॉप' दाबलं की मागे येऊन खरे आकडे भरतात. आमच्या बाबतीत स्टॉप दाबलंच गेलं नाही. दीड तास गाऊन झाल्यावरही मथळा सांगत होता की आवाज शून्य बाइट. आणि फोनमधला प्लेअर मथळ्यावर विश्वास ठेवत होता.

म्हणजे तीन अब्ज बाइटांत आठच बाइट भरायचे होते.

एखादी फाइल आपण नेहमी कशी बदलतो? एडिटरमध्ये उघडतो, बदल करतो, सेव्ह करतो. पण बरेच एडिटर अख्खी फाइल मेमरीत ओढून घेतात आणि सेव्ह करताना अख्खी पुन्हा लिहितात. दादाच्या डेस्कटॉपची मेमरी दोन जीबी. तीन जीबीची फाइल उघडायला गेलं की माउस हलायचा बंद होई. आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कच्चा डेटा' म्हणून ती आत घेता आली असती, पण मग बाहेर पडली असती ती त्या सॉफ्टवेअरनं नव्यानं लिहिलेली फाइल. मला नवी फाइल नको होती. मला तीच हवी होती, आठ बाइट भरलेली.

कमांड लाइनवर हे जमतं. तिथे फाइल ही एक लांबलचक चाळ असते आणि प्रत्येक खोलीला नंबर असतो. 'एक्सएक्सडी' नावाची छोटी कमांड आहे, विम एडिटरबरोबर येते. तिला सांगायचं, अमुक नंबरपासून सोळा खोल्या दाखव. ती तेवढ्याच उघडते. फाइल तीन जीबीची असो की तीनशे, तिला फरक पडत नाही. मी पहिल्या ४८ खोल्या बघितल्या. 'रिफ' होतं. 'वेव्ह' होतं. ९६ हजार होते. चौथ्या जागी चार शून्यं, चाळिसाव्या जागी चार शून्यं. आणि चव्वेचाळिसाव्यापासून लहान लहान आकडे, वरखाली होणारे. तो खोलीतल्या पंख्याचा आवाज असणार. आजी अजून बोलली नव्हती.

लिहायचं काम 'डीडी'चं. ही कमांड १९७० च्या दशकातल्या युनिक्सपासून आहे आणि तिचं बोलणं बाकी कुठल्याच कमांडसारखं नाही. आयबीएमच्या जुन्या मेनफ्रेमवरच्या एका विधानावरून तिचं नाव आलं असं मानतात. तिला सांगावं लागतं की एकावेळी एक बाइट मोज, चार सोडून पुढे जा, तिथे हे लिही. आणि आणखी एक शब्द सांगावा लागतो, 'नोट्रंक', म्हणजे कापू नकोस. तो शब्द राहिला तर डीडी लिहायला सुरुवात करण्याआधी त्या जागेपासून पुढची सगळी फाइल छाटून टाकते. चौथ्या जागी चार बाइट लिहिले, की फाइल आठ बाइटांची. ती 'खात्री आहे का?' असं विचारत नाही. हिला गमतीनं 'डिस्क डिस्ट्रॉयर' म्हणतात ते उगाच नाही.

म्हणून मी आधी मूळ फाइल फक्त वाचण्यापुरती केली, माझ्या हार्ड डिस्कवर तिची प्रत घेतली, आणि हात लावला तो प्रतीला.

*

बाइट बदलण्याचा एक नियम आहे, तो इथे सांगायला हवा. फाइलच्या मधोमध तुम्ही एका बाइटाच्या जागी दुसरा ठेवू शकता. पण मध्ये एक जास्तीचा बाइट घुसवता येत नाही. घुसवायचा तर पुढचे सगळे एकेक घर सरकवून पुन्हा लिहावे लागतात, आणि मग मथळ्यात लिहिलेला प्रत्येक पत्ता चुकतो.

भिवंडीत वाढलेल्या माणसाला हे समजायला कॉम्प्युटर लागत नाही. माझ्या शाळेच्या वाटेवर दोन्ही बाजूंना मागांची खटखट असायची. उन्हाळ्यात दारं उघडी असत. माग चालू असताना ताण्यातला एखादा धागा तुटतो. कारागीर माग थांबवतो, तुटलेलं टोक शोधतो, गाठ मारतो, आणि तो धागा फणीच्या त्याच फटीतून ओढून घेतो जिथून तो निसटला होता. शेजारच्या फटीतून ओढला तर कापडावर शेवटपर्यंत रेघ येते. हजारो धाग्यांतला एक, त्याची जागा ठरलेली. बाकीच्यांना हात लावायचा नाही.

मी आकडे काढले. फाइलच्या आकारातून ४४ वजा केले, की आवाजाचे बाइट: ३,०१,४२,०८,०००. त्याला सेकंदाच्या ५,७६,००० नं भागलं तर ५,२३३ सेकंद. एक तास सत्तावीस मिनिटं तेरा सेकंद. दादा म्हणाला होता दीड तास व्हायला आला होता. बरोबर बसलं.

आता हा आकडा चार घरांत मांडायचा, 'पंचवीस' पद्धतीनं, एकक आधी. तो असा होतो: ०, ४२, १६९, १७९. आणि चौथ्या जागेवरचा आकडा याहून ३६ नं जास्त, म्हणून तो: ३६, ४२, १६९, १७९. पहिल्या घराची किंमत एकेक, दुसऱ्याची दोनशे छप्पन्न, तिसऱ्याची पासष्ट हजार पाचशे छत्तीस, चौथ्याची दीड कोटीच्या वर. हवं तर कॅल्क्युलेटर काढून बघा, जमतं.

डीडी दोनदा चालवली. दोन्ही वेळा तिनं 'चार आत, चार बाहेर' एवढंच सांगितलं. मग 'सीएमपी' नावाच्या कमांडला मूळ फाइल आणि प्रत दोन्ही देऊन विचारलं, फरक कुठेकुठे आहे? तीन अब्ज बाइट ताडून पाहायला त्या डेस्कटॉपला बराच वेळ लागला. तोवर आत्यानं चहा केला. परत आले तेव्हा स्क्रीनवर सात ओळी होत्या.

आठ नाही, सात. कारण चाळिसाव्या जागी शून्यच लिहायचं होतं आणि तिथे शून्यच होतं. म्हणजे आजी आणि आमच्यामध्ये सात बाइट होते.

फाइल वाजली. आधी पंखा. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग आजीनं विचारलं, सुरू झाला काय? आत्या स्वयंपाकघरात परत गेली आणि तिथेच उभी राहिली.

*

इथे गोष्ट संपली असती तर मी ती ऑफिसच्या ग्रुपवर चार ओळींत लिहिली असती. पुढचं काकांमुळे घडलं.

माझे काका जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, आता निवृत्त आहेत. आजीचा धाकटा मुलगा. त्यांनी फाइल फोनवर घेतली आणि रोज सकाळी फिरून आल्यावर कानाला हेडफोन लावून एकेक गाणं टाइप करायला लागले. ऐकून लिहिणं हे फार चिवट काम आहे. एका ओळीसाठी दहादा मागे जावं लागतं. दीड महिन्यांनी त्यांनी मला मजकुराची फाइल पाठवली. वर शीर्षक: 'आमच्या आईचे धवळे'.

मी आवाज लावून वाचायला घेतलं आणि तिसऱ्या ओळीला थांबले. आजी 'पानी' म्हणत होती, मजकुरात 'पाणी' होतं. ती 'डोला' म्हणत होती, मजकुरात 'डोळा'. आमच्या बोलीत ळ चा ल होतो आणि ण चा न. काकांनी पानोपानी तो परत ळ आणि ण केला होता.

मी फोन केला. "काका, आजी असं बोलत नव्हती."

"माहिताय. मला शिकवू नको. पण लिहिताना असं कोण लिहितं, बाय? शुद्धलेखनाचा काही नियम आहे की नाही?"

"पण हे तिचं आहे ना."

"तिचंच आहे. म्हणून तर नीट लिहिलंय." मग थोडं थांबून म्हणाले, "तू पण दुरुस्तच केलंस ना? शून्य होतं तिथे, तुला हवा तो आकडा घातलास. मी अक्षर घातलं. फरक काय?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं. मी दोन दिवस त्यावर विचार केला, लोकलमध्ये, मीटिंगमध्ये.

तांत्रिकदृष्ट्या काकांची दुरुस्ती माझ्यापेक्षाही लहान होती. फोनवर आपण जे देवनागरी लिहितो त्यात एका अक्षराला तीन बाइट लागतात. ल म्हणजे २२४, १६४, १७८. ळ म्हणजे २२४, १६४, १७९. पहिले दोन तेच, तिसऱ्यात एकाचा फरक. दोनाच्या पद्धतीत लिहिलं तर चोवीस बिटांतला शेवटचा एकच बिट वेगळा. वर्णमालेत आपण ळ ला ह च्याही मागे, पार शेवटी बसवतो. युनिकोडनं मात्र त्याला ल च्या शेजारी बसवलंय, आणि तो क्रम भारतीय लिप्यांसाठी आधीच ठरलेल्या इस्की या मानकावरून आलाय. तेव्हा 'धवले' आणि 'धवळे' यांत अंतर आहे एका बिटाचं. याहून लहान बदल कॉम्प्युटरवर करताच येत नाही.

आणि तो १७९ मी नुकताच दोनदा लिहिला होता. त्या मथळ्यात त्याचा अर्थ आवाजाची लांबी होता, इथे त्याचा अर्थ ळ. बाइट तोच. तो काय आहे हे त्याच्याकडे बघून कळत नाही, तो कुठे बसलाय त्यावरून कळतं.

तिसऱ्या दिवशी मी काकांकडे गेले. म्हटलं, फरक सापडला. मी जो आकडा भरला तो मी ठरवलेला नव्हता. फाइलची लांबी फाइलमध्येच होती, मी मोजली आणि लिहिली. तुम्ही मोजली असती तर तुम्हालाही तोच आकडा आला असता, जपानमध्ये कुणी मोजली असती तरी तोच. पण ळ आजीच्या आवाजात कुठेच नाही. तो बाहेरून आलाय.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी सांगितलं. ते पाचवीत असताना धडा वाचताना 'पानी' वाचलं म्हणून मास्तरांनी त्यांना बाकावर उभं केलं होतं. पुढे ते स्वतः मास्तर झाले. एकदा आजी त्यांच्या शाळेत डबा द्यायला गेली आणि स्टाफरूमच्या दारात उभी राहून काहीतरी म्हणाली. ती वळल्यावर दोघंजण तिच्यासारखं बोलून हसले. काका तिथेच होते.

"ते पुस्तक होईल उद्या," काका म्हणाले. "लोक वाचतील. माझ्या आईला कुणी हसायला नको."

मला एकदम कळलं की हा माणूस दीड महिना ळ टाइप करत नव्हता. तो पन्नास वर्षं त्या दारात उभा होता.

*

आम्ही ठरवलं ते असं. काकांचा मजकूर काकांच्या नावानं तसाच राहील, 'प्रमाण मराठीत' असं वर लिहून. तो नातवंडांना अर्थ लावायला लागेल, कारण त्यांना आता आगरीही नीट येत नाही. आणि त्याची दुसरी प्रत करायची, आजी बोलली तशी.

हे काम माझ्यासाठी एका ओळीचं होतं. 'सेड' नावाच्या कमांडला सांगायचं, जिथे ळ दिसेल तिथे ल कर, जिथे ण दिसेल तिथे न. डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळा मजकूर बदलला असता. कमांड टाइप करून झाली होती. काका म्हणाले, "चालवायच्या आधी एकदा सगळं ऐकून घेऊ. मला अमुक एक जागा आठवते."

ती जागा एकावन्नाव्या मिनिटाच्या आसपास आहे. दोन गाण्यांच्या मध्ये आजी दादाला सांगतेय की तिचा धाकटा मुलगा कुठे कुठे नोकरीला होता. गावांची नावं घेते. आणि मग एक शब्द म्हणते: 'शाळा'. 'शाला' नाही. जीभ मागे वळवून, जरा जास्तच जोर देऊन, स्पष्ट ळ. पुढच्याच वाक्यात ती पुन्हा 'डोला' म्हणते.

आम्ही ते पाच-सहा वेळा ऐकलं. काका म्हणाले, मी नोकरीला लागलो तेव्हा ती मला विचारायची, तुझ्या त्या ठिकाणाला नीट काय म्हणतात? मी सांगायचो. चुलीसमोर बसून घोकायची.

पूर्ण दीड तासात ती एकदाच ळ म्हणते. माझ्या त्या एका ओळीच्या कमांडनं तो ल करून टाकला असता, आणि सीएमपीनं तो शेकडो ओळींतली एक ओळ म्हणून दाखवला असता.

तेव्हा सेड चालवली नाही. दर रविवारी बसलो, काका हेडफोनची एक बाजू, मी दुसरी. शब्द ऐकायचा, मजकुरातल्या अक्षराशी ताडून पाहायचा, आणि बदलायचा असेल तर तेवढाच बदलायचा. काही ठिकाणी ऐकूनही ठरेना की ती न म्हणतेय की ण. तिथे कंस टाकून दोन्ही लिहिलं. असे अकरा रविवार गेले. मध्ये एकदा काका म्हणाले, "आमच्या वेळी लाल पेन होतं. तुझं काम उलटं आहे, लाल शाई पुसायचं." पण हात थांबला नाही त्यांचा.

आता तीन फाइली आहेत. मूळ, जिच्या मथळ्यात अजून शून्यं आहेत. ती आम्ही तशीच ठेवलीय, कुणाला पुढेमागे माझे आकडे तपासावेसे वाटले तर. तिची सात बाइट बदललेली प्रत, जी वाजते. आणि मजकुराची, जिच्यावर काकांनी स्वतःच्या हातानं शीर्षक बदलून 'आमच्या आईचे धवले' केलंय. तिन्ही माझ्याकडे, दादाकडे आणि काकांकडे वेगवेगळ्या डिस्कवर आहेत. दर सहा महिन्यांनी मी त्या ताडून पाहते, कारण डिस्कवरही बाइट आपोआप बिघडू शकतात आणि ते कुणी ओरडून सांगत नाही.

मजकुराच्या फाइलमधला तो 'शाळा'तला ळ कितव्या बाइटापासून सुरू होतो, तो आकडा काकांनी मला विचारून घेतला. त्यांना टर्मिनल उघडता येत नाही. आकडा त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय, खाली दोन रेघा ओढून.